पावण्यांची ताटं

शनिवार, २ नोव्हेंबर १९४६
विश्रामबाग, सांगली

पाच वर्षं दर आठवड्याला पत्र लिहिलं. लढाई संपली, पत्रं संपली, पण हाताची सवय काही जाईना. ज्यांना लिहायचं ते आता समोरच्या खोलीत बसून बूट पुसत असतात, आणि दोन शब्द बोलायला जावं तर दोघांच्याही तोंडाला कुलूप. म्हणून जे बोलायचं ते इथं.

आजचं बोलायचं ते असं, की संध्याकाळी कामावरून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "उद्या आकाराम येतोय. मंडळी नि पोरं घिऊन. जेवायलाच."

आकाराम म्हणजे लष्करात ह्यांच्या लॉरीवरचा जोडीदार, आष्ट्याचा. मी विचारलं, "आवं, किती माणसं?"

"पाच."

"आन् करू काय?"

"कर काय तरी फटाफट. लंगरात दोनशे जणांचं तासाभरात व्हतं."

लष्कराच्या लंगरात दहा आचारी असतात हे मात्र सांगितलं नाही. इथं मी एक, चूल एक, आणि रेशनची साखर दिवाळीनं केव्हाच चाटूनपुसून नेलेली. बरं, बोलवायचे तर एकटेदुकटे मित्र बोलवावेत. नाही. म्हणाले, "पोरं आणायलाच सांगितलंय." पोरं आणायलाच. जसं काही घरात एक आहे ते कमी पडतंय.

त्या घरातल्याचंही सांगून टाकते. अर्जुना चार वर्षांचा झाला. हे लढाईवर गेले तेव्हा तो पोटात होता. ह्यांनी त्याला पहिल्यांदा बघितलं ते ह्या उन्हाळ्यात, वडूजला. सासरे आणि गावची चार म्हातारी माणसं ओट्यावर बसलेली, हे अचानक मोटारीतून उतरून दारात उभे. एवढ्या वडीलमाणसांदेखत मी पोराला काय सांगणार? नवऱ्याकडं बोट दाखवून "हा तुझा बा" म्हणायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, "पावणं आल्यात, जा, पाणी नेऊन दे." गेला, शहाण्यासारखं देऊन आला.

मग ह्यांना सांगलीत सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हरची नोकरी लागली, आम्ही इथं दोन खोल्यांत आलो. पोर अजून त्यांच्याजवळ जात नाही. ते आत आले की हा भिंतीला चिकटतो. मी वीस वेळा सांगितलं, ते तुझे आबा. "व्हय," म्हणतो, आणि सकाळी उठून विचारतो, "आई, पावणं उठलं का?" आज तर समोरच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, "पावणं कवा जाणार?" मी चिमटा काढला. असलं हट्टी पोर मी दुसरं बघितलं नाही.

आणि जाण्याचंच म्हणाल तर साताऱ्याच्या भरती कचेरीतून जुन्या ड्रायव्हरांना परत बोलावणं आहे. तीन वर्षांसाठी. हे हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी काही विचारलं नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

पिठलं-भाकरी केली. लवकर होतं म्हणून. लवकर झालं ते खरं, पण खाल्लं कुणी?

अंबूबाई, म्हणजे आकारामभाऊजींची मंडळी, गरीब गाय. तिची तीन पोरं मात्र तिघं तीन तऱ्हेची. थोरला गुंडा, सहा वर्षांचा, त्यानं पहिल्या घासाला जी बोंब ठोकली ती शेजारचे बघायला आले. पिठल्यात मिरची होती. पिठल्यात मिरची असतेच. मधलीला भातच पाहिजे, आणि भात मी केलेला नव्हता. कडेवरच्यानं पिठल्यात हात घातला, तो हात माझ्या लुगड्याला पुसला. शेवटी गरम भाकरी कुस्करली, गूळ-तूप घातलं आणि तिघांपुढं ठेवली. तेव्हा कुठं घरात शांतता झाली. अर्जुना त्यांच्यात मिळून जेवला, नेहमीपेक्षा एक घास जास्तच. हे आणि आकारामभाऊजी समोर पाटावर, पितळी ताटं, उदबत्ती, सगळं यथासांग.

पुढच्या वेळेला, देव करो आणि पुढची वेळ न येवो, पोरांचं बिनतिखटाचं आधी काढून ठेवायचं.

निघताना गंमत झाली. आमच्याकडं लेकुरवाळ्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. पोरांच्या हातावर गुळाचा खडा आणि शेंगा ठेवायच्या, "परत या" म्हणायचं. हे काम सासूबाईंनी अर्जुनाला लावून ठेवलंय, आणि तो ते फौजदाराच्या ऐटीत करतो. तिघांना दिलं. मग टोपली घेऊन ह्यांच्यापुढं गेला, एक खडा ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "परत या."

अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. आकारामभाऊजी हसायला लागले आणि मध्येच थांबले. मलाही हसू आलं, पोर रीतीला पक्कं आहे म्हणून. ह्यांनी मूठ मिटली आणि पाहुण्यांना पोचवायला म्हणून बाहेर पडले ते किती वेळ आलेच नाहीत. मोटारीचा फाटा इथून हाकेवर. पाहुणे पोचवायला एवढा वेळ लागतो? सगळी भांडी मी एकटीनं घासली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

खुंटीवरच्या कोटाला मुंग्या. खिसा उलटा केला तर गुळाचा खडा तसाच. खायचा नव्हता तर डब्यात टाकायचा. कोट धुतला, वाळत घातला, आणि विचारलं तर म्हणाले, "इसरलो."

गुरुवार, ७ नोव्हेंबर

माझी प्रार्थना देवाच्या कानापर्यंत गेलेली नाही. रविवारी आकारामाची मंडळी पुन्हा, आणि त्यात भर म्हणून जिनदत्तभाऊजी, त्यांची मंडळी गुणमाला आणि तीन वर्षांची पद्मावती. जिनदत्तभाऊजींचं मोटार स्टँडाजवळ तेलाचं दुकान. जैन माणसं. म्हणजे कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, पाणी गाळलेलं, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे जेवण दिवस मावळायच्या आत. दिवस मावळला की घोट पाणीसुद्धा घेत नाहीत.

मी म्हटलं, "आवं, माझ्या फोडणीला कांदा-लसूण सोडून दुसरं काय ठावं हाय?"

"मग नगं घालूस."

"आन् घालू काय?"

त्यावर बूट पुसायला बसले. पुसून पुसून त्या बुटांचं कातडं उरेल का, मला शंका आहे.

दुपारी गुणमाला स्वतःच आली. बाई चांगली आहे, उंबऱ्यात बसून म्हणाली, "हरणाक्का, तरास घिऊ नका बघा. चकोल्या करा. वरण उकळायचं, कणकीची पोळी लाटून तिचं तुकडं कापून त्यात सोडायचं, वरनं तूप. फोडणीला हिंग-जिरं बास. पोरं बी खात्यात, म्हातारी बी खात्यात. एकच पातेलं." एकच पातेलं हे ऐकून मला ती माहेरच्या माणसासारखी वाटली. वडूजला आम्ही चकोल्या करतो, पण लसणाच्या. मला काही सुचलं नव्हतं एवढं खरं.

तेवढ्यात हे जेवायला आले. मी डोक्यावरून पदर घेतला, पाट मांडला, पितळी ताट काढलं, तांब्या फडक्यानं पुसला. माहेरहून आलेली चार पितळी ताटं आहेत, ती पाहुण्यांसाठी असतात; हे आल्यापासून एक रोज ह्यांना. आम्हा मायलेकरांना जर्मनच्या थाळ्या, त्यातली एक तर वडूजहून येताना ट्रंकेखाली सापडून वाकडी झालेली. हे गेल्यावर गुणमाला हळूच म्हणाली, "आक्का, दादांना रोज असंच वाडता?"

"मग? पाच वर्षांनी आलेलं माणूस हाय."

"व्हय, खरं... घरच्यावानी वाडा की एकदा."

नवऱ्याला कसं वाढायचं ते आता शेजारणीनं शिकवायचं. चकोल्यांपुरतं ठीक होतं.

रविवार, १० नोव्हेंबर

अंगात त्राण नाही, तरी लिहिते.

दुपार कलली तेव्हा वरण शिजलेलं, कणीक मळलेली, गाळलेलं पाणी नव्या घागरीत. गुणमाला वेळेच्या आधीच हजर. सूर्य खाली, आणि आष्ट्याच्या मोटारीचा पत्ता नाही. मोटार ह्यांच्याच कंपनीची, आणि ह्यांनाच माहीत नाही ती कधी येईल. जिनदत्तभाऊजी माळावरच्या उन्हाकडं बघतायत, मी जिनदत्तभाऊजींकडं बघतेय. शेवटी आकारामाची वरात आली तेव्हा भिंतीवर हातभर ऊन राहिलेलं.

एरवी आधी बाप्ये जेवतात, मग तीच ताटं घासून बायका. आज तेवढी उसंत कुठली? सगळ्यांना एकदमच बसवावं लागलं. समोरच्या खोलीत दोघं बाप्ये, स्वयंपाकघरात दोघी बायका, मधल्या दारात अर्जुनासकट पाच पोरं पत्रावळींवर. चारी पितळी ताटं एका झटक्यात गेली. घरधन्याला ताट नाही, पाट नाही, बसायला जागाही नाही.

आणि मग ह्यांनी काय करावं? सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, माझ्या हातातली पळी घेतली आणि वाढायला लागले. मिशीवाला बाप्या, लष्करातला नाईक, बायकांच्या पंगतीत पळी घेऊन. अंबूबाई एवढी लाजली की तिनं तीनदा नको म्हणून तीनदा वाढून घेतलं. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पद्मावतीच्या चकोल्या ह्यांनी फुंकून गार केल्या. गुंडाला पाणी दिलं. अर्जुनाला विचारलं, "तुला रं?" तर तो बघत राहिला, घास तोंडाशी तसाच.

शेवटचं ऊन गेलं तेव्हा गुणमालानं हात धुतले. माझ्या जिवात जीव आला. चकोल्या मात्र पोरांनी पातेलं पालथं घालीपर्यंत खाल्ल्या, हे कबूल करायला हवं. तिखट नाही, हाड नाही, साल नाही, एकेक वाढत बसायचं नाही.

निघताना अर्जुनानं सगळ्यांना गूळ दिला. ह्यांनाही दिला, पण "परत या" म्हणायचं विसरला. पाहुणे गेल्यावर मी त्याला रागावले. रीत म्हणजे रीत.

मग हे जेवायला बसले, चुलीशी, माझ्याबरोबर. उरलं काय होतं? पातेल्याच्या बुडाची खरवड. मी म्हटलं, "थांबा, पितळी घासून देते." म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि फळीवरची ती वाकडी थाळी घेतली. ती जमिनीवर ठेवली की डुगडुगते, आमटी एकीकडं पळते. ह्यांनी एका हातानं तिरकी धरून खाल्लं. अर्जुना दाराला टेकून ते सगळं बघत होता. झोप आली की पोर असंच टक लावून बघतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज ताट काढलं तर म्हणाले, "ती वाकडीच मला काढत जा."

"आन् लोक काय म्हणतील? बायकू वाकड्या थाळीत वाडती म्हणून?"

"लोक कोण? दोगंच तर बगत्यात."

दोघं कोण? मी एकटी तर समोर होते. दुसरं, अर्जुना, ते पोर, त्याला काय कळतंय. पाच वर्षं तंबूत टिनाच्या डब्यात खाऊन माणसाची चव आणि रीत दोन्ही जाते, दुसरं काय.

रविवार, १७ नोव्हेंबर

थालीपिठं. पुन्हा आयुष्यात नाही.

जी वस्तू तव्यावरून एकेक उतरते ती पोरं असलेल्या पाहुण्यांना करू नये, हे कुणीतरी भिंतीवर कोरून ठेवा. पाच पोरं तव्याभोवती पाखरांच्या पिलांसारखी चोची वासून. पहिलं गुंडाला दिलं तर मधली रडली, मधलीला दिलं तर पद्मावती रुसली, तिचा अर्धा तुकडा धाकट्यानं पळवला. खिडकीतून सूर्य खाली सरकताना दिसत होता आणि तो मला हसत होता. ह्यांनी दोन थालीपिठं उलटली, दोन्ही मोडली. आम्ही शेवटी मोडकी खाल्ली. वाकड्या थाळीत मोडकं थालीपीठ, शोभा आली.

रविवार, २४ नोव्हेंबर

मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड. गुणमालाचं म्हणणं, पापड भाजायचं काम पोरांना दाखवत करावं म्हणजे खिचडी निवेपर्यंत ती गप बसतात. बसली. ह्या बाईचं डोकं आहे.

आता मला जमू लागलंय. सकाळीच डाळ भिजवते, पोरांचं वाटीभर वेगळं काढते, मोठ्यांना ठेचा बाजूला. आकारामभाऊजींना तिखटाशिवाय घास उतरत नाही, त्यांच्या पानात तेवढा लसणीचा, लांब कोपऱ्यात. पण जमतंय म्हणजे राग गेला असं नाही. चार रविवार झाले. महिनाभर मी रविवारी दुपारी पाठ टेकलेली नाही. आणि ह्यांना विचारावं कशासाठी, तर बूट पुसायला बसतात. मित्रांशी गप्पा मारायला म्हणावं तर त्यांच्याशी चार शब्द बोलत नाहीत. सगळा वेळ पाणी भर, पाट उचल, पोरांची नाकं पूस.

अर्जुनाला ताटं मांडायला सांगितलं. चार पितळी पाहुण्यांना मांडली. मग काही न सांगता फळीवरची वाकडी थाळी काढली आणि चुलीजवळ, माझ्या थाळीशेजारी नेऊन ठेवली. मला तेवढाच हातभार. गूळ वाटताना मात्र ह्यांच्यापुढं येऊन थांबला, टोपलीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि खडा हातावर न ठेवता उंबऱ्यावर ठेवून पळाला. असं कुणी देतं का? कुत्र्याला घातल्यासारखं. मी दोन धपाटे दिले. ह्यांनी माझा हात धरला, तोही सगळ्यांदेखत. म्हणाले, "मारू नगंस. त्येचं काय तरी चाललंय." त्याचं काय चाललंय? चाललंय ते माझं, कंबरडं मोडायचं.

गुरुवार, ५ डिसेंबर

गेल्या रविवारी आकारामाचं धाकटं आजारी म्हणून कुणी आलं नाही. मी झोपेन म्हटलं, झोप लागली नाही. घर एवढं गप होतं की तिघांच्या चावण्याचा आवाज येत होता.

आज साताऱ्याचं निघालं. सोमवारी, सोळा तारखेला सकाळच्या मोटारीनं जाऊन तोंडी सांगायचं. घ्यायचं असेल तर तिथूनच पुढं धाडतील, म्हणून सामान बरोबर. माळ्यावरची किट पिशवी काढली, उन्हात टाकली.

मी विचारलं, "जायाचं ठरलं?"

म्हणाले, "हितं माझं काय अडलंय गं? पोरगं तर वाट बगतंय, पावणं कवा उठत्यात म्हणून."

मी आत आले. इतका राग आला की कणकीत मीठ दोनदा पडलं. जायचंच होतं तर ह्या पंगती कशाला उठवल्या? कशाला मला चकोल्या शिकायला लावल्या? लिहिते, कारण तोंडानं निघणार नाही. मला ते जायला नको आहेत. पाच वर्षं पत्रात लिहिलं, खुशाल आहे, काळजी नसावी. खुशाल नव्हते. आता पुन्हा ते खोटं लिहायला माझ्या हातात बळ नाही. पण ते समोर आले की मी पदर सावरते आणि म्हणते, भाकरी वाढू का.

रविवार, १५ डिसेंबर

सगळी आली. निरोपाचं जेवण म्हणे. पोरांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं, चकोल्याच पाहिजेत. केल्या. किट पिशवी सकाळपासून दारात उभी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येतेय, पण मी उचलली नाही. ज्यांची त्यांनी उचलावी.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं, अगदी वेळेवर. ह्यांनी वाढलं. आता अंबूबाईसुद्धा लाजत नाही, "भावजी, थोडं तूप" म्हणून हक्कानं मागते. गुंडानं मध्येच विचारलं, "काकी, तुमचं काका आमच्यासंगं का जेवत न्हाईत?" मी काही म्हणायच्या आत अर्जुनाच म्हणाला, "खा की गप."

आमचं दोघांचं जेवण मी मागं काढून ठेवलं. पाहुणे निघाले. अर्जुना टोपली घेऊन उंबऱ्यात उभा. गुंडाच्या हातावर खडा, मधलीच्या, धाकट्याच्या, पद्मावतीच्या. प्रत्येकाला "परत या." आवाज खणखणीत. हे पिशवीशेजारी उभे होते. मला वाटलं आता तरी नीट देईल, उद्या जायचेत. ह्यांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "मला रं?"

अर्जुनानं हाताकडं बघितलं. टोपलीत दोन खडे शिल्लक होते, मला दिसत होते. त्यानं टोपली पाठीमागं नेली.

"तुमाला न्हाई," म्हणाला.

मी पुढं सरले, कान पिळायलाच. गुणमालानं माझं मनगट धरलं, आणि ती बाई दिसते तेवढी नाजूक नाही.

"का रं?" हे म्हणाले.

"पावण्यांचा हाय." मग पोरानं विचार केला, आणि एवढ्या मोठ्या माणसाला एवढी साधी गोष्ट समजावून सांगावी लागते म्हणून वैतागल्यासारखं म्हणाला, "पावणं आदी जेवत्यात, चकचकीत ताटात. मग गूळ घिऊन जात्यात. तुमी आईसंगं मागनं जेवता. वाकड्या थाळीत. तुमी कुटं जाताय?"

ह्यांचा हात तसाच पुढं, रिकामा. मग ते हळूच उंबऱ्यावर बसले. हसत होते की काय करत होते, त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, मला दिसलं नाही. मला एवढंच आठवतंय की मी पदर घ्यायला विसरले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आकारामभाऊजींनी किट पिशवी उचलली. "गड्या, ही आत ठिवतो रं," ह्यांना म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. भाऊजींनी ती आत नेऊन पिठाच्या डब्यामागं ठेवली आणि आष्ट्याच्या मोटारीला पळाले, कारण मोटार आज नेमकी वेळेवर आलेली.

मंगळवार, १७ डिसेंबर

साताऱ्याला गेले नाहीत. काल सकाळी नेहमीप्रमाणं कामावर गेले. मी पिशवी रिकामी करून तिच्यात शेंगा भरल्या.

रविवार, २२ डिसेंबर

ह्या रविवारी म्हणाले, "कुणाला बोलावलं न्हाई. तू जरा पडून घे." घ्या. शिकवायचं, हात बसवायचा, आणि मग म्हणायचं पडून घे. सवयीनं मोठंच पातेलं चढवलं गेलं आणि अकरा जणांच्या चकोल्या झाल्या; उद्याही त्याच, परवाही त्याच.

अर्जुना अजून "आबा" म्हणत नाही. माझं ऐकून "आवं" म्हणतो. "आवं, पाणी घ्या." "आवं, आत या." वडूजला सासूबाईंनी ऐकलं तर काय म्हणतील, मला विचारवत नाही. ह्यांना मात्र ते चालतंय. प्रत्येक हाकेला ओ देतात, आणि पोर उगाच पुन्हा पुन्हा हाक मारतं.

आम्ही तिघं एकदम बसलो, चुलीशी. पितळी ताटं मी धुऊन फळीवर वर ठेवून दिली. वाकडी थाळी डुगडुगायला लागली, आमटी पुन्हा एकीकडं पळाली. मी म्हटलं, उद्या बाजारात जाऊन ठोकून सरळ करून आणते ही.

"ऱ्हाऊ दे," दोघंही एकदम म्हणाले.